नानांचं वीनिंग

जळगावच्या कॉलेजात मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण ‘वीन’ हे क्रियापद वर्गात वापरायची वेळ फारशी आली नाही. मुलाला अंगावरच्या दुधापासून तोडणं, वासराला गाईपासून तोडणं, एखाद्याची सवय हळूहळू सोडवणं, हे त्याचे अर्थ. गंमत म्हणजे लहानपणापासून माणूस ज्यावर पोसला, त्यासाठीही इंग्रज हेच क्रियापद लावतात. सोडवणं आणि पोसणं एकाच शब्दात. असल्या भाषेवर माझं पोट चालतं.

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “उद्यापासून वीनिंग सुरू करू.” माझे वडील, म्हणजे नाना, न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर होते. मशीनचा श्वास थोडाथोडा कमी करायचा आणि नानांनी आपला आपण घ्यायचा. जमलं तर घशातली नळी निघणार होती. नाही जमलं तर काय, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

आईला मी सांगितलं, “वासरू तोडतात ना, तसं करणार आहेत.”

पहिल्या दिवशी मशीन कमी केलं तेव्हा नाना बरा श्वास घेत होते. तेवढ्यात आई खाटेजवळ गेली. तिला पाहताच ते उठायची धडपड करू लागले, डोळ्यांत पाणी आलं, धाप लागली. सिस्टरने घाईघाईने मशीन पुन्हा पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी डॉक्टरांवर चिडले, सिस्टरवर चिडले, बाहेर पडल्यावर रिक्षावाल्यावरही चिडले.

आई चिडली नाही. पुढच्या खेपेला ती दवाखान्याच्या आवारातल्या निंबाखाली बसली आणि म्हणाली, “पोऱ्या मायले देखस तवलग दूध सोडत नई. तू जाय. मी आठेच बसस.”

आमच्याकडे मूल तोडताना आधी निंबाचा पाला वाटून आईच्या छातीला लावतात. त्याने भागलं नाही, तर मुलाला चार दिवस मामाच्या गावी धाडतात. माझं पाल्याने भागलं नव्हतं. कडू तोंड करून मी पुन्हा आईलाच बिलगायची, असं ती हसत सांगते. मामाकडे मी रडून घर डोक्यावर घेतलं म्हणे. इकडे ती किती रडली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी एकटी आत गेले. नानांनी माझ्यामागे दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले, मग डोळे मिटले. छाती आपल्या चालीने वरखाली होत राहिली. बाहेर येऊन सांगितलं तशी आई उठली, दारापर्यंत आली आणि परत जाऊन झाडाखाली बसली.

दोन दिवसांनी नळी निघाली आणि माझा जीव भांड्यात पडला. ज्या सिस्टरवर डाफरले होते, तिचाच हात धरून मी वेड्यासारखी हसत होते.

मऊ भात द्यायची परवानगी मिळाल्यावर आई वाटी घेऊन आत गेली. नानांचा आवाज घोगरा झाला होता, रुसवा मात्र जुनाच होता.

“कोठे व्हती तू?”

आईने भात आणखी कुस्करला, पहिला चमचा त्यांच्या तोंडाशी नेला आणि मग तिला रडू आवरेना. नाना मुकाट्याने खात राहिले.