वाऱ्याच्या बोगद्यातल्या ललिताबाई

ललिताबाई शिंगे आमच्या कॉलेजात आल्या त्या १९९२ साली, नवरा गेल्यावर. नवरा, कृष्णात, कॉलेजच्याच वर्कशॉपमध्ये शिपाई होता. तो वारला तेव्हा संस्थेनं मोठे उपकार केल्यासारखं दाखवत बाईंना सफाईच्या कामावर घेतलं. बाई गडहिंग्लजकडच्या, दहावी पास. शिवाजी पेठेतल्या भाड्याच्या खोलीतून रोज चालत यायच्या. मी तिथंच ऑफिसात क्लार्क होतो. जे घडलं त्यातलं थोडं माझ्याही हातानं घडलं, म्हणून मीच सांगतो.

मेकॅनिकलच्या प्रयोगशाळेत वाऱ्याचा बोगदा होता. लांबलचक लाकडी पेटी, एका टोकाला मोटारीवरचा पंखा, मध्ये काचेची खिडकी. खिडकीच्या आत विमानाच्या पंखाचा हातभर लाकडी नमुना. त्याला बारीक भोकं आणि भोकांतून निघालेल्या रबरी नळ्या बाहेर लाल पाण्याच्या काचनळ्यांना जोडलेल्या. मोटार सुरू केली की नमुन्यावरून हवा वाहायची आणि काचनळ्यांतलं पाणी वर-खाली व्हायचं. ते पाणी भरायचं काम बाईंकडे आलं, कारण दुसरं कुणी करायला तयार नव्हतं.

एका दुपारी त्या ऑफिसात आल्या.

"भाऊसाहेब, एक इचारू? पंखाच्या वरच्या अंगाच्या नळ्यांत पाणी वर चढतंय. वारं तर पंखाला दाबत असंल न्हवं? मग पाणी ओढतंय कोण?"

मला काय माहीत! मी प्रयोगाची इंग्रजी पुस्तिका आणली, आणि त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत एकेक पान मराठीत सांगू लागलो. वरच्या अंगाला हवा जोरात पळते आणि तिथं तिचा दाब कमी होतो, खालच्या अंगाला जास्त राहतो, त्या फरकानं पंख उचलला जातो, एवढं आम्हाला दोघांना मिळून कळायला आठवडा लागला.

पण हवा वरूनच जोरात का पळते? विभागप्रमुख नलवडे सर वर्गात सांगायचे, "वरचा रस्ता लांब आहे. दोन्हीकडची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोहोचली पाहिजे, म्हणून वरची जोरात पळते." बाई दाराशी फडकं घेऊन उभ्या होत्या. तास संपल्यावर मला म्हणाल्या, "एकाच वेळी पोचायचं आसं त्या हवेला कुणी सांगितलंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाच्या डब्याचा सपाट पत्रा कापून आणला. वरून-खालून सारखाच, रस्ता लांब ना आखूड. काढून ठेवलेल्या नमुन्याच्या जागी तो जरा तिरपा बसवला आणि मोटार सुरू केली. पत्रा वर उचलला गेला. बाई हसल्या. त्यांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. मी म्हटलं, "सरांना दाखवा." त्यांनी दाखवलं. सर म्हणाले, "पत्रा काढा आणि फरशी पुसा."

त्यानंतर बाईंनी कुणाला काही दाखवलं नाही. एक जाड रजिस्टर घेतलं आणि त्यात मराठीत नोंदी सुरू केल्या. जुन्या स्वेटरची लोकर उसवून तिचे बोटभर तुकडे लाकडी पंखावर डिंकानं चिकटवले. पंख एकेक अंश तिरपा करत जायचं आणि धाग्यांकडे बघायचं. धागे पंखाला धरून निजलेले असायचे. तिरपेपणा पंधरा अंशांवर गेला की वरचे धागे पिसाळल्यासारखे फडफडायचे, उलटे फिरायचे, आणि वर चढलेलं पाणी धपकन खाली यायचं. बाईंनी लिहिलं, 'पंधराला हवा सुटली. आता पंखाला कितीबी तिरपा करा, उचल न्हाय.' सहा वर्षांत तीन रजिस्टरं भरली. मुलांचे आकडे चुकले की त्या नळीतला बुडबुडा काढून द्यायच्या. मुलं 'मावशी' म्हणून आभार मानायची आणि प्रयोगवहीत सरांची सही घ्यायची.

१९९९ मध्ये तपासणी समिती येणार म्हणून कळलं. प्रयोगशाळेला तंत्रज्ञ हवा, असा नियम. कागदावर तो होता. विजयसिंह, एका संचालकांचा भाचा. तो कधी कॉलेजात आला नव्हता. यादी मीच टाइप केली. आदल्या दिवशी बाईंना सांगायलाही मलाच पाठवलं. "कुणी काही विचारलं तरी बोलू नका. बोललात तर नोकरी जाईल." बाई म्हणाल्या, "बरं."

समितीतले म्हातारे प्राध्यापक थेट बोगद्यापाशी गेले. नलवडे सरांनी मोटार सुरू केली. पाणी हललंच नाही. सर घामाघूम झाले. बाईंनी पुढं होऊन एक नळी दोन बोटांत दाबली, बुडबुडा सरकवला, आणि पाणी चढलं. म्हाताऱ्यांनी कपाटातलं रजिस्टर उघडलं. खूप वेळ वाचत राहिले.

"हे कुणी लिहिलं?"

"आमचे तंत्रज्ञ, विजयसिंह. आज रजेवर आहेत," सर म्हणाले.

म्हातारे बाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या फायलीत बघत राहिलो.

"न्हाय जी. मी झाडायला हाय."

अहवालात विजयसिंहची खास प्रशंसा आली. कमी साधनांत स्वतःच्या भाषेत शास्त्र मांडणारा तंत्रज्ञ, असं लिहिलं होतं. सव्वीस जानेवारीला त्याला शाल-नारळ दिला. मांडवातल्या खुर्च्या बाईंनी पुसल्या. एवढं नाव झाल्यावर त्याला खरोखर कामावर यावं लागलं, आणि सरांनी बाईंना बोलावून सांगितलं, "त्याला जरा शिकवा."

"शिकवीन की," बाई म्हणाल्या. "रजिस्टरावर माझं नाव घाला."

"तुम्ही कोण आहात ते विसरू नका."

"म्या कुठं इसरलीया? तुम्हीच कुणाला इसरू देत न्हाईसा."

आठ दिवसांत त्यांची बदली मुलींच्या वसतिगृहात झाली, संडास-न्हाणीघराच्या कामावर. रजिस्टरं मागायला गेल्या तर ती कॉलेजची मालमत्ता आहेत, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी विजयसिंहनं पाना बोगद्यातच विसरून मोटार सुरू केली. पात्यांचे तुकडे झाले. कुणाला लागलं नाही. बोगद्याच्या खोलीला कुलूप पडलं.

२००४ मध्ये वसतिगृहातली श्रुती नावाची मुलगी पुस्तक घेऊन बाईंकडे आली. मी पाण्याच्या टाकीच्या तक्रारीसाठी तिथं गेलो होतो.

"मावशी, तुम्ही वाऱ्याच्या बोगद्यावर होता ना? जास्त तिरपा केला की पंख एकदम का पडतो? मला हे डोळ्यांसमोरच येत नाही."

बाई बादली धूत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला काय ठावं न्हाय, पोरी. सरास्नी इचार."

मुलगी खट्टू होऊन गेली. मी म्हटलं, "ललिताबाई, तिला सांगायला काय हरकत होती? तिचा काय दोष?"

"तिचा काय न्हाय," त्या म्हणाल्या. "पर माझ्या तोंडातनं आता ते निघत न्हाय, भाऊसाहेब. सांगायला गेलं की तुमची ती फाईल दिसतीया."

२००८ मध्ये बाई निवृत्त झाल्या आणि गडहिंग्लजला बहिणीकडे राहायला गेल्या. कामानिमित्त मी तिकडे गेलो की त्या कधीकधी बाजारात दिसतात. मी नमस्कार करतो. त्या पिशवी सावरतात आणि पुढं जातात.