न तपासलेला हात

देव माणसाच्या रूपात भेटतो वगैरे कोणी सांगू लागलं, की मी आपली सुया-सिरिंज आवरत बसायची. वीस वर्षं उपकेंद्रात नर्स आहे. पाड्यापाड्यांवर माझे पाय मला नेतात, देव नाही, असं माझं ठाम मत. त्या दिवशी तर बदलीचा अर्जही पर्समध्ये होता. पुरे झालं बाई, असं झालं होतं.

किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर गरोदर बायकांची तपासणी होती. उकाडा मरणाचा. सगळं आवरलं आणि सोनी आली. आठवा महिना, पहिलटकरीण, नेहमीसारखी गप्प. प्रेशरचा पट्टा मी गुंडाळून ठेवला होता. तो पुन्हा कोण उलगडणार? न मोजताच तिच्या कार्डावर ११०/७० लिहून टाकलं. आम्हा नर्सांच्या हाताला हा आकडा इतका बसलेला असतो, की पेन आपोआप चालतं. सांगायला लाज वाटते, पण लिहिलं.

परतताना गावदेवीपाशी मोहाच्या झाडाखाली टेकले. फुलं टपटप पडत होती, वास डोक्यात चढत होता. डोळे कधी मिटले कळलंच नाही. उघडले तर समोर एक म्हातारी, शेजारी लाकडांची मोळी. "बाय, माजा पन हात बग ना," म्हणाली. कुरकुरत पट्टा उलगडला. एवढ्या उन्हात तिचा हात मडक्यासारखा गार होता. प्रेशर छान होतं. ती हसली. "सगल्यांचं बगलंस ना गो?"

अगं बाई, सोनी! तशीच उन्हात धावत सुटले. सोनी अंगणात डोकं धरून बसलेली. "सकालपासून दुकतंय, ताई." मघाशी मी विचारलंच नव्हतं. पट्टा बांधला, तर १७०/११०. रुग्णवाहिका बोलावली आणि शहापूरच्या दवाखान्यापर्यंत तिचा हात सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा गावदेवीला मनापासून म्हटलं, आई, चूक माझी आहे, हिला शिक्षा नको. माझ्याच्यानं होईल ते करते, पुढचं तू बघ.

मायलेकी दोघी वाचल्या. त्या म्हातारीला पाड्यावर कोणी ओळखलं नाही. असेल कुणाची पाहुणी. मी खोलात गेले नाही. कार्डावरचा तो आकडा खोडला, खाली खरा लिहिला, सही केली आणि सोनीला सगळं सांगितलं. तिनं खोडलेल्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग लेक माझ्या मांडीवर देत म्हणाली, "आता हिचं वजन नीट बगा, ताई."

अर्ज अजून पर्समध्येच आहे, घडीवर फाटत आलाय. पट्टा मात्र शेवटची बाई उठून जाईपर्यंत मी गुंडाळत नाही. गेल्यावरही जरा वेळ तसाच ठेवते. हात पुढे करायला अजून कोण येईल, काय सांगावं.