सुतळीची गाठ

गेल्या वर्षी आमच्या शाळेत बुधवारची सवलत होती. दीड वाजता घरी जायचं, वह्या घरी तपासायच्या आणि गुरुवारी परत आणायच्या. मुख्याध्यापक सर म्हणायचे, "मला कामाशी मतलब, खुर्चीशी नाही." एवढा विश्वास नोकरीत माझ्यावर कुणी टाकला नव्हता. आणि मी काय केलं? झोपले.

शिपाईमामा वह्यांचा गठ्ठा सुतळीने, त्यांच्या त्या खास गाठीने बांधून देत. घर शाळेपासून दहा मिनिटांवर. गठ्ठा सोफ्याखाली, मी पंख्याखाली. संध्याकाळी चहा घेऊन द्वारका चौकात काहीबाही खरेदी. वह्या गुरुवारी मोकळ्या तासाला भराभर खुणा करून उरकायच्या.

माझ्या शेजारी बसणारी सहकारी चांदवडहून एसटीने यायची. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला कमी ऐकू येतं. नाशकातल्या एक बाई मुलीला बोलायला शिकवायच्या, बुधवारी तीनला. नवरा मुलीला घेऊन यायचा, ही शाळेतून थेट तिकडे. वह्या ती परतीच्या एसटीत मांडीवर घेऊन तपासायची. एकदा त्यातल्या दोन गाडीतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी मिळाल्या, तरी तिने घाबरून स्वतःच सरांना सांगून टाकलं. सर हसले फक्त.

मग एका गुरुवारी सकाळीच, एका पालकाला वही दाखवायची म्हणून, सरांनी माझा गठ्ठा मागवला. ते गाठीकडे बघत राहिले.

"मॅडम, गाठ कालचीच आहे ही."

मग स्वतःच गाठ सोडून त्यांनी ती वही काढून घेतली. चांगलं फैलावर घेतलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी सूचना फिरली. एकीचं नाव नको म्हणून सगळ्यांचीच सवलत बंद. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे ओलं तेवढंच जळलं. माझी काय, झोप गेली.

सूचनेवर सही करून माझी ती सहकारी माझ्याकडे आली. डोळे भरलेले.

"ताई, माझ्यामुळं झालं हे. त्या दोन वह्या... तुमचंबी नुकसान केलं मी. पोरगी आत्ता कुठं 'आई' म्हणायला लागली होती."

तेव्हाच सांगायला हवं होतं. उलट तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणाले, "असू दे गं. होते चूक माणसाकडून."

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे दुसरी वेळ नव्हती. मुलीचं शिकणं थांबलं. सरांनी तिच्यापुरती सवलत दिलीही असती, पण स्वतःलाच गुन्हेगार समजून तिने मागितली नाही. मी सरांना सांगायचं रोज ठरवते. त्यांची खोली स्टाफरूमला लागून आहे. अजून गेलेले नाही. लाज वाटते, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दर बुधवारी दीड वाजता ती घड्याळाकडे बघते. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसते.