बारीक नळीवाल्या मॅडम

आत शिरण्याआधी मॅडम दारावर हाताची पालथी बाजू टेकवायच्या. दार गरम नाही ना, हे बघायचं आणि मगच मूठ फिरवायची. प्रयोगशाळेचं दार असो, कँटीनचं असो, की साहेबांच्या केबिनचं. साहेबांच्या खोलीत दिवसभर एसी चाले, तिथलं दार कशाला तापेल? विचारलं तर म्हणायच्या, "गप आसा म्हणान बरां आसा, असां नाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाही खुर्चीचे पाय तपासावेसे वाटतात.

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी देखभालीचा फोरमन होतो, सगळे मला मेस्त म्हणायचे. रॉकेटच्या घन इंधनाचे दाणे एकमेकांना धरून ठेवायला रबरासारखा एक डिंक लागतो. तो आम्ही बनवायचो. साधा डिंक निरुपद्रवी. पण नव्या जातीच्या डिंकात स्वतःचीच आग असते आणि तो करताना मधे एक फार तापट टप्पा येतो. तो टप्पा मोठ्या रिअॅक्टरमध्ये एकदम व्हायचा. तो निभेपर्यंत आम्ही आपापल्या देवाला धरून असायचो.

ही पद्धत बदलायला मॅडम आल्या. मूळच्या पेडण्यातल्या केरीच्या, शिकलेल्या बाहेर. तापट माल रिअॅक्टरमध्ये साठवायचाच नाही, बारीक नळीतून सतत वाहता ठेवायचा, म्हणजे एका वेळी असेल तो ओंजळभर आणि नळी त्याची उष्णता लगेच बाहेर टाकेल, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला ते पटलं नाही. त्याहून त्या पटल्या नाहीत. कंपनीचा चहा घेत नसत, घरून थर्मास आणायच्या. खोलीला कुलूप. साहेब मला म्हणाले, "जरा लक्ष ठेव. दुसऱ्या कंपनीने पाठवलेली नसेल कशावरून?"

मी लक्ष ठेवू लागलो. एकदा त्या सुटीच्या दिवशी आमच्या आमोण्यात दिसल्या, नदीकाठी वाकून बाटलीत पाणी भरताना. मी पुढे झालो. त्यांनी वळून विचारलं, "मेस्त, तुमी हंय कित्याक?"

"माझा गाव आसा हो."

"गाव म्हणजे देवळाकडे का हंय नदीकडे?"

त्याच माझी उलटतपासणी घेऊ लागल्या. शेवटी कळलं, कारखान्याचं सांडपाणी नदीत उतरतंय का, हे त्या स्वतःच तपासत होत्या. उतरत नव्हतं. हे सांगताना त्यांचा चेहरा थोडा पडलाच, असं मला वाटलं.

एका वर्षी आम्ही सगळे हरमलच्या किनाऱ्यावर जेवायला गेलो. शॅकवाल्याला त्यांनी सिलिंडर कुठे ठेवलाय ते विचारलं आणि आमचं टेबल उचलून दुसऱ्या टोकाला न्यायला लावलं. तिथे समुद्र दिसत नव्हता. सगळे कुरकुरले. त्या मात्र निवांतपणे तळलेली सुंगटां, म्हणजे कोळंबी, खात होत्या.

बारीक नळी चालली. डिंक चांगला निघू लागला, पण थोडा. साहेबांना जास्त हवा होता. चतुर्थीला मॅडम गावी गेल्या, तेवढ्यात बाहेरच्या ठेकेदाराकडून नळी काढून जाड पाइप बसवला गेला.

परत आल्या, त्यांनी पाइप पाहिला. मुख्य झडप बंद केली, स्टूल ओढलं आणि समोर बसल्या. साहेबांनी मला सांगितलं, "उठव तिला."

मी गेलो. "मॅडम, उठा. पद्धत तर तुमचीच मा?"

"माझी नाय. ह्यो आडवो निजयलेलो रिअॅक्टर. मधलो माल गरम जातलो, ती उष्णता भायर येवची कशी?"

मला वाटलं, श्रेय जाईल म्हणून अडून बसल्यात. तोंडावर तसं म्हणालोही. त्या रागावल्या नाहीत.

"माझ्यार विश्वास ठेवू नकात," त्या म्हणाल्या. "मीच माझ्यार ठेवत नाय. तपासा."

मागच्या आवारात चाचणीसाठी मातीचा उंच भराव होता. साहेबांना मी म्हटलं, त्याच्याआड पाइपचा तुकडा लावून थोड्या मालावर बघू, त्या खोट्या ठरल्या तर आपोआप उठतील. साहेब कबूल झाले. आम्ही लांब, भिंतीमागे उभे राहिलो. बराच वेळ काही झालं नाही. साहेब घड्याळ बघून हसले. मीही हसलो असेन. मग जमीन हलली.

धूर गेल्यावर जाऊन पाहिलं. पाइप मधोमध फणसासारखा उकलला होता. तोच शेडमध्ये, माणसं अवतीभवती असताना उकलला असता. साहेब गाडीकडे गेले. मॅडम उकललेल्या पाइपाजवळ वाकल्या. "खोटी पडलंय असतंय तर बरां वाटला असता," एवढंच म्हणाल्या.

जाड पाइप भंगारात गेला. त्या जागी बारीक नळ्या शेजारी शेजारी लावल्या. हवा तेवढा डिंक निघतो, आणि आता कुणी देवाला धरून बसत नाही.

साहेबांनी मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. पावसाळा संपता संपता त्या नोकरी सोडून गेल्या. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही.

मी ताजे पोई, आमच्याकडचे पाव, घेऊन केरीला त्यांच्या घरी गेलो. त्यांची म्हातारी आई खिडकीतूनच बोलली.

"कंपनीचो मा तू? कोणी धाडलो?"

"कोणी नाय. मीच आयलो."

"ती हंय नाय. लांब खंय कॉलेजात पोरांक शिकयता. आयतारा तिचो फोन येता. तुझां नाव सांगान तिका विचारतंय. बरो म्हटल्यान तर मगे ये."

मी पोई कठड्यावर ठेवून, नंबर देऊन परतलो. सोमवारी सकाळी फोन आला. म्हातारीच होती. "ये म्हणता. पोई बरे होते."

तेव्हापासून अधूनमधून जातो. म्हातारी दार उघडते, चहा देते, लेकीच्या गोष्टी सांगते. मी ऐकतो आणि दिवस कलायच्या आत निघतो. लेकीची गाठ काही अजून पडलेली नाही.