दुखणं सांगणारी

रविवारी दुपारी मी आणि आमची ही, दोघं दारात बसून करंदी सोलत होतो. नवराबायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. "अहो, नीट काढा, मिश्या राहतायत," एवढंच काय ते ती बोलली. हिच्यासारखी दुखणं सांगणारी बाई अख्ख्या पेणकरपाड्यात झाली नाही आणि होणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस, सजवून लिहिता येत नाही, पण हे खरं आहे.

भाईंदर पश्चिमेला एका नर्सिंग होममध्ये ती वीस वर्षं आयाबाई होती. डॉक्टर लोकांचं इंग्रजी तिनं तिथंच उचललं, आणि ऐकलं तसं जोडीजोडीनंच उचललं. तिच्याकडे ताप एकटा कधी येत नसे, हाय फीवर येई. दुखणं म्हणजे सिव्हिअर पेन, भूक म्हणजे पुअर अ‍ॅपिटाइट. जोडी सोडवून एकटा शब्द वापरणं तिला जमायचं नाही. जिना चढून आलेल्या सिलिंडरवाल्याला थांबवून सांगायची, "भैया, शॉर्टनेस ऑफ ब्रेथ है तुमको, बैठो." तो बिचारा बसायचा. बिल्डिंगमधल्या बायका दवाखान्यात जाताना हिला बरोबर न्यायच्या. शेजारची गुजराती भाभी विचारायची, "मैं क्या बोलूं डॉक्टर को?" ही म्हणायची, "तुम चुप बैठो, मैं बोलती." आणि भाभीच्या साध्या ढेकरांची सिव्हिअर अ‍ॅसिडिटी करून टाकायची. एकदा मी म्हटलं, अगं, एवढं वाढवून कशाला सांगतेस? म्हणाली, "साध्या दुखण्याला कोण विचारतं? वीस वर्षं बघितलंय मी."

स्वतःचं मात्र उलट. स्वतःसाठी एकच जोडी ठेवलेली, स्लाइट डिसकम्फर्ट. दाढ सुजून गाल फुगला, स्लाइट डिसकम्फर्ट. पाय मुरगळून भोपळ्याएवढा झाला, तरी तेच. "सिव्हिअर म्हटलं की बेड देतात," म्हणायची, "मी बेडवर पडले तर तुम्हाला घरात मीठ सापडायचं नाही." खोटं नव्हतं ते.

त्या शनिवारी आणि रविवारी, दोन्ही रात्री ती झोपली नव्हती. उशीला टेकून छाती चोळत बसायची. सोमवारी सकाळी मीच ओढून दवाखान्यात नेली. डॉक्टर भला माणूस, त्यानं नीट विचारलं. ही हसून म्हणाली, "नथिंग डॉक्टर, स्लाइट डिसकम्फर्ट." मी शेजारच्या स्टुलावर होतो. मला इंग्रजी येत नाही, पण तेवढं कळत होतं, आणि ते खोटं आहे हे तिथं फक्त मला माहीत होतं. तरी गप्प बसलो. दवाखान्यात बोलायचं ते तिनं, अशी सवयच लागली होती मला. दुपारी ती गेली. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मयताला आलेल्या आमच्या मुलीला न सांगता घराबाहेर पडलो. दवाखान्यात नंबर लावला आणि आत गेलो. मला बघून डॉक्टर उभाच राहिला. म्हणाला, "बाबा, तुम्हाला काय होतंय?"

"मला काही नाही," म्हटलं. "तिचं सांगायचंय. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुखणं डाव्या हातात उतरायचं, घाम सुटायचा. लई दुखत होतं तिला."

बाहेर माणसं खोळंबली होती. त्यानं पंखा कमी केला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सगळं ऐकून घेतलं.