भाऱ्याखालचा चष्मा

डोंगर उतरताना माय दुसऱ्यांदा पडली तेव्हा दादानं ठरवूनच टाकलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या बाजारी शेळ्या विकायच्या, एकही मागं ठेवायची नाही.

आमचं गाव लिंबागणेशच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. माय रोज सकाळी शेळ्या घेऊन वर जाते आणि दिवस कलायच्या आत गवताचा भारा डोक्यावर घेऊन खाली येते. घरातलं बाकी सगळं आधी आज्याचं होतं, मग बापाचं, आता दादाचं आहे. शेळ्या तेवढ्या मायच्या. माहेरून आणलेल्या एका शेळीपासून तिनं वाढवलेल्या.

"तिची नजर गेली," दादा म्हणाला. "उद्या मोठी पडली तर दवाखान्यात कोण बसणार?"

"गेली नाही, कमी झाली. चष्मा लावला की झालं. मी बघते."

'मी बघते' असं मी ठासून म्हणते, कारण तसं म्हणण्याइतकी मी शिकले आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, तीही विज्ञानाची. बीडला शाळेवर आहे. भिंगाचा धडा दरवर्षी शिकवते. डोळ्याची आकृती फळ्यावर न बघता काढते.

मांजरसुंब्याला गाडी बदलून मायला बीडला आणलं. मशिदीमागच्या बोळात एका म्हाताऱ्या चाचांचं चष्म्याचं दुकान आहे, माझाही चष्मा तिथलाच. मायला अक्षरं येत नाहीत, म्हणून चाचांनी इंग्रजी 'ई'सारखी तीन दांड्यांची खूण दाखवून दांड्यांची तोंडं कुठं आहेत ते बोटानं दाखवायला सांगितलं. माय डोंगरात कशी पडली ते ऐकून घेतलं, मग म्हणाले, "दूरचं कमी झालंय. साधी, एकाच नंबरची काच पुरे. अम्मा वाचतात का?"

मला ते लागलं. "न वाचणाऱ्या माणसाला हलकी काच द्यायची का, चाचा?"

"तसं न्हाई, बेटी. डोंगरात जातात म्हणून इचारलं."

"वर दूरचं, खाली जवळचं, मधे रेघ नसलेली काच द्या. प्रोग्रेसिव्ह. चांगल्यातली चांगली."

चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मायकडं. "तुमची मर्जी. पण अम्मा, उतरताना मान खाली घालून बघायचं. नुसते डोळे खाली करायचे न्हाईत."

माय "बरं" म्हणाली. शिकलेल्या माणसापुढं ती बरंच म्हणते, पटो न पटो.

चष्मा मिळाल्यावर चौथ्या दिवशी दादाचा फोन आला. माय तिसऱ्यांदा पडली होती, नवा चष्मा डोळ्यांवर असताना. मी गेले तर हनुवटी सोललेली, चष्म्याची दांडी वाकडी. दादा म्हणाला, "झाला का तुझा चष्मा? आता बाजारापर्यंत दम धर." मी सगळा राग मायवर काढला. "चाचांनी सांगितलं होतं ना, मान खाली घालून बघायचं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माय मला डोंगरावर घेऊन गेली. गवत कापलं, भारा बांधला, फडक्याची चुंबळ करून माझ्या डोक्यावर ठेवली आणि वर भारा चढवला.

"आता मान खाली घालून उतर."

मी मान दोन बोटं वाकवली असेल नसेल, भारा पुढं सरकला. माय तयारच होती, तिनं हात लावून धरला.

"भारा घेतला की मान हालत न्हाई, पोरी. नुसते डोळे खाली करायचे. मंग पाय त्या खालच्या काचंतून बघावा लागतो, आन तिथं मुरूम आन दगड एकच दिसतंय."

चाचांना डोंगर ठाऊक होता, भारा ठाऊक नव्हता. मला दोन्ही ठाऊक होतं. लहानपणी या वाटेनं मीही छोटा भारा आणलाय. तरी ज्या जागेतून तिला पाऊल बघायचं, नेमकी तिथंच मी वाचायची काच बसवली. न वाचणाऱ्या मायला. चूक झाली होती, आणि तिथं उभ्याउभ्या मी ती तिच्यापुढं कबूल केली. माय म्हणाली, "मंग चल परत त्या म्हाताऱ्याकडं."

या वेळी चाचांनी विचारलं, "अम्मा, भारा केवढा असतो?" मायनं दोन्ही हात पसरून दाखवलं. चाचांनी गादीवरचा लोड उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि एकेक फ्रेम घालून दुकानाच्या पायऱ्या चढ-उतर करायला लावल्या.

बोळातला केळीवाला गाडा थांबवून बघायला लागला. "चाचा, चष्मे इकता का लोड?"

"दोनीबी. तुला काय पायजे ते सांग, बे."

मी निवडलेली नाजूक फ्रेम मायनं दुसऱ्या पायरीवर परत दिली. "हिची कड बराबर पायावर येती." मग चाचांनी उंच काचेची, जुन्या वळणाची फ्रेम काढली. तिची कड गालाजवळ होती, नजरेच्या आड येत नव्हती. दांडी कानामागं पुरी वळणारी, म्हणजे चुंबळीचा दाब आला तरी सरकायची नाही. काच वजनाला हलकी, न फुटणारी, वरपासून खालपर्यंत एकाच नंबरची. मी उन्हासाठी काळी काच सुचवली, तर माय म्हणाली, "झुडपाच्या सावलीत साप पडलेला असतो. त्यो कसा दिसंल?" काळी काच बाजूला राहिली.

"आणि सुई ओवायची असली तर?" मी विचारलं.

चाचांनी मायचा चष्मा काढून घेतला, सुई-दोरा तिच्या हातात दिला. मायनं पहिल्या खेपेला दोरा ओवला. जवळचं तिला चष्म्याशिवाय चांगलं दिसत होतं. अशा डोळ्याची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढते. मायला मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं.

बाजारच्या दिवशी मी रजा टाकून गावी गेले. दादा वाटेच्या तोंडाशी उभा होता, हातात नवी लांब दोरी, शेळ्या बांधून टेंपोत चढवायला. मी त्याच्याशेजारी उभी राहिले.

आधी शेळ्या उतरल्या. मागून माय. डोक्यावर भारा, मान सरळ, डोळे खाली. मुरमाच्या घसरणीवर ती सावकाश झाली. तिथंच ती तिन्ही वेळा पडली होती. एक दगड तिनं पायानं चाचपलासुद्धा नाही, बघूनच वगळला आणि पलीकडं पाऊल टाकलं.

खाली आली तरी भारा उतरवला नाही. दादासमोर येऊन थांबली.

"दोरी कावून आणली?"

दादानं दोरी पाठीमागं घेतली.

"चांगली लांब हाय. दे हिकडं. उद्यापासून भारा मोठा बांधते."

दादानं दोरी तिच्या हातात दिली आणि टेंपोवाल्याला 'येऊ नको' म्हणून फोन लावायला वळला. माय शेळ्यांमागं घराकडं निघाली.