चेनची दोन टोकं

“सोडू नको गो!” महाडच्या बाजारात आमच्या गल्लीत ही हाक ऐकू आली की समजायचं, सायकलवाल्या दादांनी गिअरच्या सायकलची चेन लावायला घेतली आहे. हाक असायची वहिनींना, त्यांच्या बायकोला. माझं शिलाईचं दुकान त्यांच्या दुकानाला लागूनच, त्यामुळे त्यांचा अर्धा संसार मी मशीनवर बसल्या बसल्या पाहिला.

ही चेन एका छोट्या कडीने जोडतात आणि त्या कडीची पक्कड वेगळी असते. दाबली की कडी उघडते, फाकवली की टक् करून बसते. दादांना ती मुलाने मुंबईहून आणून दिली होती आणि ते ती फडक्यात गुंडाळून ठेवत. पण कडी बसेपर्यंत गिअरची स्प्रिंग चेनला मागे ओढत असते, म्हणून दोन्ही टोकं जवळ धरून ठेवावी लागतात. बाकीचे मिस्त्री त्यासाठी वाकवलेली तार अडकवतात. दादा बायकोला बोलावत.

घर मागच्याच आळीत. वहिनी हातातलं काम टाकून येत आणि टोकं धरून बसत.

मी मुळातच तोंडाळ. “दादा, एक तार वाकवा की!” म्हणून चिडवायची.

“तारेनं नाय जमत ताई. हिचाच हात लागतो,” ते अगदी गंभीरपणे सांगत.

वहिनी खाली मान घालून हसत. त्यांच्या बोटांवरचं काळं कधी निघालं नाही. चारचौघींत बसल्या की हात पदराखाली घेत, पण बोलावणं आलं की पुन्हा हजर.

मग सावित्री नदीला पूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्यांनी दुकानांतला गाळ उपसला आणि त्यानंतर वहिनींना ताप भरला. जराशी कणकण आहे, एवढंच त्यांनी दादांना सांगितलं. त्यातच एका मास्तरांची सायकल आली, दादांनी हाक मारली आणि वहिनी आल्या. टोकं त्यांच्या हातातून दोनदा निसटली. मी अंगाला हात लावला तर चटका बसला. दादांनी पक्कड टाकली आणि त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. वहिनी घरी परत आल्या नाहीत.

दादाही आता इथे नाहीत. मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. पण जाण्याआधीची एक दुपार माझ्या मनातून जात नाही.

दुकान पुन्हा उघडल्यावर आलेली ती पहिलीच गिअरची सायकल. दादांनी चेन पुसली, टोकं जुळवली आणि हाक मारायला मान वळवली. वहिनींची जागा रिकामी होती. मी उठले, तर त्यांनी हातानेच बस म्हटलं. तारेचा तुकडा वाकवून टोकांत अडकवला, पक्कड फाकवली. कडी बसली.

दादा तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडायला लागले.

“तारेनं जमतं ताई. मला पयल्यापास्नं ठावं होतं. ती जवळ बसावी म्हणून बोलवायचो. तापात बोलवली मी तिला, या तारेच्या कामाला!”

मला राहवलं नाही. “दादा, त्यांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी तुम्ही रिक्षा बघत होतात, तेव्हा तापात कशाला आलात म्हणून मी त्यांच्यावर रागावले, तर हळूच म्हणाल्या, ‘तारेनं होतं, ठावं हाय मला. पण ते बोलवतात ना गो.’”

वाटलं होतं, ऐकून त्यांचा जीव थोडा हलका होईल. दादांनी वहिनींच्या रिकाम्या जागेकडे तोंड फिरवलं.

“ठावं होतं, तर पडून नाय का राहायचं गो?”